वायसर

आधी स्क्रू बघायचे.
एकाच आडव्या खाचेचे असले तर पुढं बोलायचं,
फुलीचे निघाले तर मध्ये कुणाचा तरी हात फिरलाय.
मग लाकूड. उलटं करून वास घ्यायचा.
नवं लाकूड पॉलिशचा वास देतं,
जुनं, बंद कपाटातल्या पावत्यांचा.
रंग सगळ्यात शेवटी. रंग काय, कुणालाही मारता येतो.

इलाही नदाफच्या भंगारात, विजापूर वेशीपाशी,
कूलरच्या पत्र्यांखाली ते पालथं पडलं होतं.
"गल्ल्याचं मशीन हाय," इलाही म्हणाला,
"बीड हाय सगळं. वजनावर घे."
मी हँडलला हात लावला नाही.
हँडलला हात लावला की भाव वाढतो.

एकोणतीस किलो.
चव्वेचाळीस डिग्रीत साखर पेठेपर्यंत रिक्षा.
शिलाई मशीन का, रिक्षावाल्यानं विचारलं.
मी हो म्हणालो.

रात्री पाठ उघडली.
तीन चाकं, एकेकावर वीस चित्रं,
चाकांमागं पितळी चकत्या, काही खाचा खोल, काही उथळ.
चाक थांबलं की एक बोट येऊन खाच चाचपतं,
खोल लागली तर आत शिरतं,
नाही लागली तर तुमचा पैसा गेला.
हे मला कुणी शिकवायला नको.
तीस वर्षं जकार्डचे पुठ्ठे लावलेत मी,
भोक असलं की सुई आत, दोरा वर,
नसलं की दोरा जागच्या जागी.
चादरीवर मोर असाच उतरतो.
फरक इतकाच, मोर दर वेळी येतो.

चित्रांतलं लिंबू ओळखलं, घंटा ओळखली.
एका देठाला लोंबणारी दोन लाल फळं
माझ्या नायनानं बोरंच म्हटली असती.
तळाच्या फळीवर पेन्सिलीनं एक आकडा
आणि पुढं, क्लब.
म्हणजे गिरणीचा. साहेब लोकांचा.
तिथं आत जायला आमच्यातल्या कुणाला मुभा नव्हती,
पंखा बिघडला तर सोडून.

पेटीची किल्ली नव्हती.
सायकलच्या तारेनं उघडली, पाऊण तास गेला.
आत एकही रुपया नाही. एकेचाळीस वायसर.
मागातले, काठ घासून
राजाछाप रुपयाच्या मापाला आणलेले,
मधल्या भोकात शिसं ओतून.
इतकं नीट काम
पगारी कुणी करत नाही.

भिंग लावून बसलो.
कानशीचे ओरखडे उजवीकडं कलतात, माणूस उजखोरा असला तर.
सहा वायसरांवर ते डावीकडं कललेले होते.
राजमल्लू येमूल, फिटर, खातं वीव्हिंग,
जेवायचा तेवढा उजव्या हातानं,
तेही अम्मा बघत असली तर.

एकदा तो अकरा रुपये घेऊन आला होता.
पंख्यांचा ओव्हरटाइम, म्हणाला.
अम्मानं दोनदा मोजले.
मला कंपासपेटी आली, तिला पत्र्याची ट्रंक,
आणि नायना त्या रात्री भाकरीचा तुकडा मोडताना
मध्येच एकटा हसला.
मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. बोरासारखं काही बोलला का तो,
आठवत नाही. आठवल्यासारखं करायला नको.

डावखोरे गिरणीत आणखीही असतील.

पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. शिकलेला माणूस,
सगळं अस्सल पाहिजे त्याला. पुनःपुन्हा विचारतो,
पेटीत मूळची नाणी आहेत का?
मी म्हटलं, पेटी रिकामी आहे.

मग एक वायसर घातला. हँडल ओढलं.
लिंबू. लिंबू.
तिसरं चाक दोन चित्रांच्या मध्ये अडकलंय,
स्प्रिंग मेलीय त्याची.
मंगळवारच्या बाजारात बघतो.